भुट्ट्याचे दाणे अख्खेच पडतात, म्हणजे अण्णांची पचनशक्ती गेली का?

रामबागची सून

नमस्कार मंडळी. आमचे सासरे, सगळे त्यांना अण्णाच म्हणतो, वय 79. पावसाळा लागला की त्यांना भुट्टा हवाच. इथे इंदूरच्या राजवाड्याकडून येताना निखाऱ्यावर भाजलेला, लिंबू-मीठ चोळलेला घेऊन येतात. दीड महिन्यापूर्वी खालची कवळी धुताना हातातून निसटली आणि मोरीत पडून फुटली. नवी अजून झालेली नाही, पण भुट्टा काही सुटला नाही.

गेल्या आठवड्यात शौचाला पिवळे दाणे जसेच्या तसे पडलेले त्यांनी पाहिले आणि धसकाच घेतला. "जठराग्नी विझला गं, आता खाल्लेलं अंगी लागायचं नाही," असं म्हणून दोन दिवस नुसत्या मुगाच्या पातळ खिचडीवर आहेत. बाकी त्रास काही नाही. पोट दुखत नाही, वजनही आहे तेवढंच आहे. नवल म्हणजे त्याच भुट्ट्याचा कीस केला की असं काही दिसत नाही. तो तर ते दोन वाट्या खातात. हे कसं? त्यांना पटेल असं कोणी समजावून सांगाल का?

सुदामानगरचे निवृत्त मास्तर

ताई, अण्णांना आजच वरण-भात, पोळी-भाजी वाढा. मी 31 वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तुमच्या किसणीतच आहे.

भुट्ट्याच्या दाण्याची साल सेल्युलोजची असते आणि ते फोडणारा पाचकरस माणसाच्या शरीरात तयारच होत नाही. अण्णांच्या नाही, तुमच्या नाही, तुमच्या नातवंडांच्याही नाही. सोललेली पानं आपण गाईला घालतो आणि तिला ती पचतात, कारण तिच्या पोटातले सूक्ष्मजीव तिच्यासाठी ते काम करतात. आपल्याकडे साल फोडायला दातच आहेत. दाताखाली दाणा फुटला की आतलं पिठूळ पचतं आणि साल बाहेर पडते. फुटलाच नाही, तर रसांना आत शिरायला वाट मिळत नाही. किसताना किसणी दातांचं काम करते, म्हणून कीस पचतो.

आता जठराग्नीचं. भूक लागणं, अन्न अंगी लागणं यासाठी आपल्या जुन्या लोकांनी तो शब्द दिला, तो मीही वापरतो. पण आत जे आहे ते पाणीदार आम्ल आहे आणि त्यात प्रथिनं तोडणारं पेप्सिन. हे कळलं कसं, ती हकीकत अण्णांना जरूर सांगा. 1822 साली अमेरिकेत मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण जठरापर्यंत गेलेलं भोक कायमचं राहिलं. त्याच्यावर उपचार करणाऱ्या विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरने 1825 पासून रेशमी दोऱ्याला मांसाचे, पावाचे, कोबीचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडले आणि काही वेळाने ओढून पाहिले. पुढे त्याने जठरातला रस काढून कुपीत घेतला, ती अंगाएवढी कोमट ठेवली, तर मांस कुपीतही विरघळलं. त्या बिचाऱ्या तरुणाने किती सोसलं असेल, हे मी मुलांना दर वर्षी आवर्जून सांगत असे.

जठर अन्न घुसळतं, मिनिटाला साधारण 3 लाटा. एक-दोन मिलिमीटरपेक्षा मोठा कण ते सहसा पुढे सोडत नाही, पुन्हा मागे ढकलून घुसळतं. मग अख्खा दाणा गेला कसा? पोट रिकामं झालं की दर दीड-दोन तासांनी एक जोरदार लाट येते, घर झाडून काढल्यासारखी. जे फुटलं नाही ते ती पुढे लोटते. म्हणजे दाणे बाहेर पडले, यावरून अण्णांचं पोट वेळेवर झाडलं जातंय एवढंच कळतं. अधूनमधून शेवेचे फक्के मारत राहिलं की ही लाट थांबते, म्हणून दोन खाण्यांमध्ये अंतर असावं.

एक प्रयोग त्यांच्यासमोर करा. भाताची पातळ पेज दोन वाट्यांत दोन-दोन चमचे घ्या. एकीत अण्णांनी थुंकी टाकावी आणि दोन्ही वाट्या कोमट पाण्यात पंधरा मिनिटं ठेवाव्यात. मग दोन्हींत जखमेवर लावायच्या आयोडीनचा एक-एक थेंब. नुसती पेज निळी-काळी होईल. थुंकीची होणार नाही, कारण लाळेने पिष्टाची साखर करायला घेतलेली असेल. नंतर वाट्या नीट घासून घ्या.

वजन उतरलं, शौचातून रक्त पडलं किंवा तेलकट, तरंगणारं शौच होऊ लागलं, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

गराडूप्रेमी

मास्तर, माझं पित्ताशय मागच्या वर्षी काढलं. थंडीत सराफा बाजारात तळलेला गराडू, म्हणजे तो कंद, खाल्ला की लगेच धावावं लागतं. पित्तच संपलं का?

सुदामानगरचे निवृत्त मास्तर

संपलं नाही. पित्त यकृतात तयार होतं, पित्ताशय ही फक्त साठवणीची पिशवी. ती नसली की पित्त थोडं थोडं सतत आतड्यात झिरपत राहतं. एकदम खूप तेल आलं की तेवढ्याला ते पुरत नाही. पित्त तेलाचे बारीक थेंब करतं आणि तसे थेंब झाल्याशिवाय स्वादुपिंडाच्या रसाला तेल नीट फोडता येत नाही. अर्धी प्लेट घ्या, सावकाश खा. तरीही धावावं लागलं तर डॉक्टरांशी बोला, त्यावर औषध असतं.

रामबागची सून

मास्तर, काल संध्याकाळी ओट्यावर दोन वाट्या मांडल्या. अण्णांनी चष्मा पुसून घेतला, थेंब स्वतःच टाकले. पहिली वाटी शाईसारखी झाली, दुसरी पिवळसरच राहिली. ती त्यांनी खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली. "अगं, हे माझ्या तोंडातलं?" दोनदा विचारलं.

रात्री वरण-भात जेवले, एकेक घास पुष्कळ वेळ चावून. मध्येच थांबून म्हणाले, "भात गोड लागतोय." कवळीचं माप द्यायला गुरुवारी जायचं ठरलंय. तोवर भुट्टे किसायचे, आणि किसणी आज त्यांनीच धुऊन ठेवली आहे.