ताईच्या कंपनीच्या बातम्या आणि आबांचा बेस कॅम्प

(ए-२०४ वहिनीकडून: पुण्या-नाशिकला मुलांकडे गेलेले मेंबर विचारत आहेत की शनिवारी आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर एवढं काय पेटलं होतं. म्हणून कामाचे मेसेज उतरवून टाकते. गुड मॉर्निंगची फुलं, पार्किंगचं भांडण आणि नानांचे फॉरवर्ड गाळले आहेत. टाकीचा एक मेसेज मुद्दाम ठेवला आहे, तो अजून कोणी वाचलेला नाही.)

ताई (डी-४०१): सर्वांना नमस्कार. आमच्या ट्रेकिंग कंपनीच्या या महिन्याच्या बातम्या टाकते आहे. बापूंना विचारून टाकते, नंतर जाहिरात केली म्हणू नका.
एव्हरेस्ट बेस कॅम्पला गेलेली आपली जळगाव-भुसावळची मंडळी उन्हाळ्यातच परत आली, पण फोटो निवडायला आता वेळ मिळाला. उद्याचा सोडून पुढच्या रविवारी संध्याकाळी गच्चीवर पडदा लावून दाखवू. गेलेले लोक स्वतः बोलतील.
तोरणमाळच्या पाड्यावरचा आपला गाइड उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतून बेसिक कोर्स करून आला. ‘अ’ श्रेणी मिळवली! ती मिळाल्याशिवाय पुढच्या ॲडव्हान्स कोर्सला घेत नाहीत. पोरगा सातपुड्यात वाढलाय, डोंगर त्याला नवा नव्हता. बर्फ मात्र आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.
आणि उद्याचा केदारकुंड धबधब्याचा ट्रेक रद्द. पैसे पूर्ण परत, किंवा पुढच्या तारखेला वळते.

भैय्या (सी-३०३): रद्द??? ताई, मी ऑफिसची पाच पोरं गोळा केली होती. पाऊस आहे म्हणून रद्द म्हणजे काय? पाऊस बघायलाच तर चाललो होतो.

ताई: चाळीसगाव-कन्नड पट्ट्याला ऑरेंज अलर्ट आहे रे. पाटणादेवीपासून आत गेलं की वाट ओढ्याच्या सोबतीनेच जाते. खाली ऊन असलं तरी वर कन्नडच्या पठारावर कोसळला की ते सगळं पाणी त्याच घळीतून उतरतं. जाताना घोट्याएवढं असतं, येताना दोर लावूनही ओलांडता येत नाही. अठरा माणसं पलीकडे अडकली तर मी काय करू?

भैय्या: दुसरी एक कंपनी उद्या नेतेय. स्टेटस बघितलं मी.

ताई: नेऊ दे.

जिभाऊ (सी-१०४): भैय्या, मी चाळीसगावना शे. डोंगरमा पानी पडनं का नाला कव्हय भरी सांगता येत नही. ३१ ऑगस्ट २०२१ आठव. तितूर आणि डोंगरी दोन्ही नद्या गावात शिरल्या, कन्नड घाटात दरडी कोसळल्या, गाड्या घाटातच अडकून पडल्या. आमच्या गल्लीत सकाळी म्हशी वाहून जाताना लोकांनी पाहिल्या. पोरी, तू बरं केलं.

बापू, सचिव (ए-१०२): सोमवारी सकाळी टाकी सफाई. ११ ते ४ पाणी नाही. भरून ठेवणे.

नाना (ए-३०१): मला एक सांगा, हे ट्रेकिंगवाले गल्लोगल्ली झालेत. एक बॅनर, एक इन्स्टाग्राम, झाली कंपनी. तुमची सरकारदरबारी नोंद आहे का? सहज विचारतो. राग नको.

ताई: राग कशाला नाना, हे प्रत्येकाने विचारायलाच पाहिजे. २०२१ मध्ये राज्याचं साहसी पर्यटन धोरण आलं. जमिनीवरचे, पाण्यातले, हवेतले असे सगळे साहसी उपक्रम त्यात आहेत, आणि आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. आपली नोंदणी आहे, प्रमाणपत्र ऑफिसच्या भिंतीवर लावलंय, येऊन बघा. पण नुसता कागद बघून थांबू नका. गाइडने प्रथमोपचाराचं शिक्षण घेतलंय का, किती माणसांमागे किती गाइड, रॅपलिंगला (दोरावरून कडा उतरताना) मुख्य दोराशिवाय बिलेचा वेगळा दोर लावतात का, हे विचारा. जो या प्रश्नांनी चिडेल त्याच्याबरोबर जाऊ नका.

नाना: बिले म्हणजे?

ताई: उतरणाऱ्याच्या कमरेला बांधलेला दुसरा दोर. तो दुसऱ्या माणसाच्या हातात असतो. उतरणाऱ्याचा हात सुटला तरी तो माणूस धरून ठेवतो.

अक्का (डी-१०३): बाई गं, त्या रविवारी कसली गच्ची? नागपंचमी झाली की पहिल्या रविवारी कानबाईचा सण! माझ्याकडे रोट आहेत, सी विंगमध्ये दोन घरी कानबाई बसते. रात्रभर जागरण, सोमवारी विसर्जन. तुझा एव्हरेस्ट कोण बघेल?

ताई: अरे देवा. घरात आई सकाळपासून रोटाचे गहू निवडतेय आणि मी तारीख टाकून मोकळी. त्याच्या पुढच्या रविवारी ठेवू.

अक्का: ठेव. आणि त्या दिवशी कळण्याच्या भाकरी आणि ठेचा माझ्याकडून.

(इथे भाकरी किती, ठेचा हिरवा की लाल, यावर तीसेक मेसेज. गाळले.)

आबा (बी-२०३): विषय निघालाच आहे तर ग्रुपवरच बोलतो. ऑक्टोबरच्या बेस कॅम्पसाठी मी फॉर्म भरला होता. ताईने परत पाठवला. रेल्वेत भुसावळला उभं आयुष्य ड्युटी केली, रोज पहाटे मेहरूण तलावाला फेरी मारतो, एक दिवस खाडा नाही. पैसे रोख द्यायला तयार आहे. तरी नाही म्हणते.

नाना: हे काही पटलं नाही. गिऱ्हाईक पैसे देतंय आणि दुकानदार माल देत नाही? वयाचा भेदभाव आहे हा.

भैय्या: आबा रॉक्स! जाऊ द्या ना त्यांना ताई.

नाना: आपल्याकडे धनत्रयोदशीला अस्तंब्याच्या यात्रेला लोक रात्रीतून डोंगर चढतात. म्हातारे-कोतारे, काही तर अनवाणी. त्यांचे कोण फॉर्म तपासतं?

ताई: नाना, अस्तंब्याचं शिखर १३२५ मीटरवर आहे. दम लागतो, पाय भरतात, पण हवा तीच असते. बेस कॅम्प ५३६४ मीटरवर. तिथे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन इथल्या निम्म्यावर येतो. आपलं जळगाव दोनशे मीटरवर. मेहरूणची फेरी रोज दहा वेळा मारली तरी निम्म्या हवेची सवय होत नाही.

डॉक्टर (सी-२०२): ओपीडी संपली म्हणून आत्ता वाचतोय. विरळ हवेचा त्रास आणि फिटनेस यांचा फारसा संबंध नसतो. जिममधला पंचविशीचा पोरगा लोळागोळा होतो आणि साठीच्या बाई आरामात चढतात, असं होतं. साधारण २५०० मीटरच्या वर हा त्रास सुरू होऊ शकतो. डोकं दुखणं, मळमळ, अन्न नको वाटणं, झोप न लागणं. तिथेच थांबून आराम केला तर बहुतेकांचं निभावतं. दुर्लक्ष करून वर चढत राहिलं तर फुप्फुसात पाणी होतं नाहीतर मेंदूला सूज येते, माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो. मग एकच मुख्य उपाय, ताबडतोब खाली आणणं. निव्वळ वय ही अडचण नाही, नानांचं तेवढं बरोबर. पण ज्याला बीपीची गोळी चालू आहे आणि जो कधीच उंचीवर गेलेला नाही, त्याने पहिल्याच फटक्यात पाच हजार मीटर गाठू नये. (नाव घेत नाही.)

आबा: नाव घेतल्यासारखंच आहे डॉक्टर.

नाना: ती डायमॉक्स का काय गोळी मिळते ना? घ्यायची आणि जायचं.

डॉक्टर: ती शरीराला सवय लवकर लावायला मदत करते, उंची कमी करत नाही. लघवी वाढवते. बीपीच्या काही गोळ्याही तेच काम करतात. सल्फाची ॲलर्जी असेल तर आणखी वेगळा विचार. मनाने घ्यायची गोळी नाही ती. ग्रुपवरून तर मुळीच नाही.

माई (बी-२०३): मला हे काहीच माहीत नव्हतं. फॉर्म कधी भरला?

आबा: सांगणार होतो.

माई: कधी? काठमांडूहून?

(इथे बरेच हसणारे चेहरे. नंतर ताईचा मोठा मेसेज आला, तो पूर्ण देते. भांडण खरं तर याच मेसेजने मिटलं.)

ताई: आबा, माई, नाना, सगळ्यांसाठी एकदाच लिहिते.
बेस कॅम्पची वाट अवघड नाही. दोर नाही, कडा नाही. अवघड आहे ती चाल. लुक्लाला विमान २८०० मीटरच्या वर उतरवतं. तिथून नामचे ३४४० वर, तिथे दोन रात्री. डिंगबोचे ४४१० वर, पुन्हा दोन रात्री. तीन हजारांच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि मधे विश्रांतीचा दिवस टाकायचा, हा नियम आहे. लोकांना ते विश्रांतीचे दिवस वाया गेल्यासारखे वाटतात. स्वस्त पॅकेज बघा, पहिल्यांदा तेच दिवस कापलेले असतात.
आता माझी अडचण. मी एका तुकडीत बारापेक्षा जास्त माणसं घेत नाही आणि सोबत दोन गाइड असतात. एकाला त्रास झाला की एक गाइड त्याला घेऊन खाली येतो आणि उरलेल्या अकरा जणांना एकच गाइड उरतो. दुसऱ्याला त्रास झाला की सगळी तुकडी परत. मोठ्या कंपनीकडे मागून-पुढून तुकड्या चालू असतात, माणूस इकडचा तिकडे करता येतो. माझ्याकडे तेवढी माणसं नाहीत. हेलिकॉप्टरचा विमा मी सगळ्यांना सक्तीने काढायला लावते, पण ढग उतरले की हेलिकॉप्टर येत नाही. विमा कितीचाही असो.
आणि नाना, गिऱ्हाईक-दुकानदार म्हणालात. लांबची कंपनी आबांचा फॉर्म घेईल, वर एक सही करून घेईल की सगळी जबाबदारी तुमची. तिला आबा पुन्हा कधी दिसणार नाहीत. मला रोज लिफ्टमध्ये माई भेटतात.

जिभाऊ: वा पोरी.

नाना: ठीक. पण मग त्यांनी कायमचं मेहरूणच बघायचं का? नाही म्हणणं सोपं असतं.

ताई: मी कुठे कायमचं नाही म्हटलं? फॉर्मसोबत एक कागद जोडला होता, तो आबांनी वाचला नसावा. आधी याच पावसाळ्यात तोरणमाळ. सातपायरी घाटाने वर, पाड्यावर मुक्काम, सीताखाई, यशवंत तलाव, मच्छिंद्रनाथांची गुंफा, सगळं पायी. पाठीवर स्वतःची पिशवी. आपण हॉटेल घेत नाही, पाड्यावरच्या घरात राहतो आणि पैसे थेट त्या घराला देतो. दसऱ्यानंतर साल्हेर. १५६७ मीटर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला, दगडात कोरलेल्या पायऱ्या, माथ्यावर परशुरामाचं मंदिर. गुडघे काय म्हणतात ते तिथे कळेल. चढताना नाही, उतरताना.

भैय्या: साल्हेर युनेस्कोच्या यादीत आला ना मागे?

ताई: हो, २०२५ मध्ये. मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत. त्यानंतर आबांनी डॉक्टरांकडून तपासणी करून संदकफू करायचं. ३६३६ मीटर, बंगाल आणि नेपाळच्या सीमेवर. मी मुद्दाम तेच निवडते, कारण वरपर्यंत जीपचा रस्ता आहे. त्रास झाला तर माणूस पटकन खाली नेता येतो. शिवाय तिथून कांचनगंगा तर दिसतंच, हवा स्वच्छ असेल तर एव्हरेस्ट, ल्होत्से आणि मकालूसुद्धा दिसतात. तिथे शरीराने कशी साथ दिली ते बघून बेस कॅम्पचं ठरवू. तेव्हा फॉर्म मीच घरी आणून देईन.

आबा: संदकफूहून एव्हरेस्ट दिसतं हे कागदात ठळक लिहायला हवं होतं.

डॉक्टर: हा क्रम योग्य आहे. आबा, बुधवारी सकाळी उपाशीपोटी या. ईसीजी, टूडी इको आणि रक्त तपासून घेऊ. आणि आजपासून जिना. लिफ्ट बंद.

नाना: मान्य. वयाचा मुद्दा मागे घेतो. बाकी ते अस्तंब्याचं मी म्हटलं ते खोटं नव्हतं.

ताई: अजिबात नाही. आपला गाइड लहानपणापासून अस्तंब्याला जातो. गच्चीवरच्या कार्यक्रमात त्यालाच बोलायला लावू. एव्हरेस्टच्या फोटोंपेक्षा लोक त्याचंच ऐकतील बघा.

वहिनी (ए-२०४): त्याला अवश्य बोलव. आपल्याकडे सातपुडा म्हणजे केळी आणि पाल गावची थंड हवा, इथेच विषय संपतो. तिथली माणसं बोलताना कोण ऐकतं?

अक्का: तो जेवायला माझ्याकडे.

भैय्या: ताई, माझे केदारकुंडचे पैसे परत नको. तोरणमाळला वळते कर. ऑफिसच्या पोरांचं विचारून सांगतो.

आबा: तोरणमाळला माझं नाव लिही.

माई: माझंही लिही. यांच्या आधी.

आबा: तुझे गुडघे?

माई: तिसऱ्या मजल्यावर अक्कांच्या भिशीला कोण जातं, लिफ्ट बंद असली तरी? तुम्ही?

अक्का: माई, मी पहिल्या मजल्यावर राहते.

माई: तेच ते. बूट कसले घ्यायचे गं पोरी? फुले मार्केटमध्ये मिळतात ते चालतील?

ताई: माई, मस्त! बूट मी सोबत येऊन बघते. संध्याकाळी जाऊ, दिवसभराने पाय थोडे सुजलेले असतात, खरं माप तेव्हाच कळतं. जाड मोजे घालून अंगठ्यापुढे बोटभर जागा राहिली पाहिजे, नाहीतर उतारावर नख काळं पडतं. तळ खोल खाचांचा हवा, गुळगुळीत नको. आणि नवे बूट थेट तोरणमाळला घालायचे नाहीत, आधी पंधरा दिवस घरात आणि जिन्यात वापरायचे.

माई: घरात बूट? आमच्या देवघरापाशी?

ताई: गॅलरीत घाला माई.

बापू, सचिव: टाकी सोमवारी. कृपया.