रिफॉर्मर पिलाटीजने खरंच फरक पडतो का?

पुणेरी_मिसळ: दिवसभर खुर्चीत बसून कंबर धरलीय, मैत्रीण म्हणते रिफॉर्मर (स्प्रिंगा आणि सरकती गादी असलेल्या यंत्रावरचा पिलाटीज व्यायाम) कर पण फी ऐकूनच घाम फुटला. वजन उतरेल का त्याने?

निवांत: नुसत्या वजनासाठी नको जाऊस गं, कॅलरी फार जळत नाहीत. पोट-पाठीचे आतले स्नायू, तोल, लवचिकता यासाठी मस्त. गंमत म्हणजे प्लँकला स्प्रिंगा कमी केल्या की उलट जास्त अवघड जातं, ती सरकती गादी आपल्यालाच आवरावी लागते ना, पोट नुसतं थरथरतं 😅

बंड्या७: चालणं आणि वजनं उचलणं सोडू नका मात्र, दम आणि हाडांसाठी ते हवंच. फी जड वाटत असेल तर मॅटवर करा, हा व्यायाम शोधणाऱ्या जोसेफ पिलाटीजने १९४५च्या पुस्तकात दिलेले ३४ व्यायाम मॅटवरचेच आहेत. आणि कळ पायात उतरत असेल तर आधी डॉक्टर गाठा, क्लास नंतर.