मदत हवी आहे : 'दारिद्र्य फेडणे' असं कुणी बोलताना ऐकलंय का?

नमस्कार मंडळी, आजोबांची जुनी पत्रं टाईप करतोय, त्यात त्यांनी माझ्या आत्याला लिहिलंय की "पोरी तू घराचं दारिद्र्य फेडलंस", आणि इथेच मी अडकलोय. आत्या नर्सची नोकरी करून घरी पैसे पाठवायची त्यामुळे भावार्थ कळतो, पण हा वापर तेव्हा सर्रास होता की त्यांचा स्वतःचा, ते नीट समजून घ्यायचंय.

म्हणजे कर्ज फेडतात, नवस फेडतात, उपकार फेडतात, पूर्वी लुगडंही फेडायचे म्हणजे सोडायचे. तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे तशीच फिटणे-फेडणे ही जोडी. 'दारिद्र्य फिटलं' हे मी ऐकलंय, पण ते आपोआप फिटल्यासारखं वाटतं, कुणीतरी कष्ट करून 'फेडलं' असं आता कोणी बोलत नाही. आता गरिबी हटवतात (1971 च्या निवडणुकीतल्या घोषणेपासून तर हेच जास्त कानावर पडतं) नाहीतर सरकारी भाषेत निर्मूलन करतात. मला तरी 'फेडलंस' मध्ये जी माया आहे ती यातल्या कशातच दिसत नाही.

दुसरं म्हणजे 'पांग फेडणे'. आईबापाचे पांग फेडले म्हणताना पांग म्हणजे गरज, हलाखी की ऋण? आजोबांचं वाक्य त्याच्याच जवळचं आहे का? मोल्सवर्थ किंवा दात्यांचा शब्दकोश ज्यांच्याकडे असेल त्यांनी प्लीज 'फेडणे' आणि 'पांग' या नोंदींचा फोटो टाका. आणि विदर्भ, खानदेश, कोकण, कुठलेही असा, घरातली मोठी माणसं हे कसं बोलतात ते पूर्ण वाक्यासकट लिहा, पत्रांखाली टीप द्यायचीय.