एक्स ११ मोडायची एवढी घाई कशाला?

सातपूरवाला:
उबुंटू या लिनक्सने २५.१० आवृत्तीपासून ग्नोम या डेस्कटॉपचं एक्स ११ सेशन काढून टाकलं. एक्स ११ म्हणजे स्क्रीनवर प्रोग्रामच्या विंडो दाखवणारी जुनी व्यवस्था. आता फक्त तिच्या जागी आलेलं वेलँड. मला हे पटत नाही. आमच्या सातपूरच्या वर्कशॉपमधल्या मशीनवर ड्रॉइंगचा प्रोग्राम चालतो आणि त्याची विंडो मी पंचवटीत घरी बसून लॅपटॉपवर उघडतो. एक्सची मांडणीच तशी आहे. स्क्रीन, कीबोर्ड, माऊस सांभाळतो तो सर्व्हर, म्हणजे माझा लॅपटॉप. प्रोग्राम हा क्लायंट, तो कुठेही चालो. १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झालेलं काम, १९८७ पासून अकरावीच आवृत्ती चालू आहे. इतकं टिकलेलं का मोडायचं?

कॉलेज रोडकर:
दादा, प्रोग्रामने सर्व्हरला 'इथे रेघ काढ, तिथे अक्षर लिही' असे निरोप पाठवायचे दिवस गेले. आजचे बहुतेक प्रोग्राम चित्र स्वतःच रंगवतात आणि तयार पिक्सेल पाठवतात. घरी मेनू उघडताना अडकतो तो त्यामुळेही.

आणि खरं दुखणं वेगळंच आहे. एक्सच्या सेशनमध्ये टर्मिनल (कमांड लिहायची विंडो) उघडा, 'एक्सइनपुट' या छोट्या प्रोग्रामला सगळ्या कळा ऐकायला लावा आणि ब्राउझरमध्ये काहीतरी टाइप करा. दाबलेल्या प्रत्येक कळीचा क्रमांक टर्मिनलमध्ये उमटत जातो. पासवर्डसुद्धा विचारत नाही! मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा शेजारी बँकेचं पान उघडं होतं, पोटात गोळाच आला. वेलँडमध्ये प्रत्येक प्रोग्राम आपल्या बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या आपल्या जागेत, चित्र काढून कंपोझिटर नावाच्या मुख्य प्रोग्रामला देतो. सगळ्या विंडो तोच रचतो, आणि कळ दाबली की ती फोकस असलेल्या विंडोलाच पोचवतो.

सातपूरवाला:
कळांचं मान्य, ते वाईटच आहे. पण त्याच मोकळेपणावर माझं काम चालतं. जुन्या प्रोग्राममध्ये रोज तीसेक मापं भरायची असतात, ती कळा आपोआप दाबणारं 'एक्सडूटूल' माझ्यासाठी टाइप करतं. वेलँडच्या विंडोत ते चालत नाही. माझ्या मशीनवर कोणाला मुभा द्यायची हे मीच ठरवणार ना?

कॉलेज रोडकर:
ठरवा की, पण मुभा मागितली तर पाहिजे! एक्समध्ये कोणी विचारतच नाही. वेलँडवर स्क्रीन शेअर करतानासुद्धा आधी तुम्हाला विचारलं जातं. आणि तुमची वर्कशॉपची विंडो कुठे जात नाही. एक्सचे प्रोग्राम वेलँडवर चालवणारं एक्सवेलँड आहे, एसएसएचने (दुसऱ्या मशीनशी सुरक्षित जोडणीने) पूर्वीसारखीच उघडेल. निव्वळ वेलँडच्या प्रोग्रामची विंडो तशीच दूरून उघडायला वेपाइप आहे.

सातपूरवाला:
वर्कशॉपची विंडो आज रात्रीच उघडून बघतो. मापं भरायचं काय करायचं, ते मात्र तुम्ही अजून सांगितलं नाहीत.