शब्दचर्चा : लिनक्समधल्या ‘अपडेट’ आणि ‘अपग्रेड’ला मराठीत काय म्हणावं?

लातूरकर :
अकरावी-बारावीच्या मुलांना उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) शिकवतो. सगळ्यांचा हात विंडोजवर बसलेला. ‘सॉफ्टवेअर टाकणं’ त्यांना कळतं, अडतं ते पुढे. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘सुडो ॲप्ट अपडेट’ दिलं (ॲप्ट म्हणजे सॉफ्टवेअर आणून बसवणारं साधन) की ओळी भराभर सरकतात, शेवटी अमुक इतकी पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) अपग्रेड करता येतील असं उमटतं, आणि मुलगा लॅपटॉप मिटून मोकळा होतो. दुसऱ्या दिवशी तक्रार : “सर, अपडेट मारलं की, तरी जुनंच दिसायलंय.” फळ्यावर लिहायला नेमके शब्द हवेत. ‘अद्ययावत करणे’ दोन्हीकडे चालतो, म्हणून निरुपयोगी. ‘श्रेणीसुधार’ लिहिलं तर बारावीच्या मुलांना पुन्हा परीक्षेला बसणंच आठवतं.

नांदेडकर :
सर, शब्दाला शब्द शोधायला गेलात तर फसाल. आधी काम बघा. ‘ॲप्ट अपडेट’ संगणकातलं एकही सॉफ्टवेअर बदलत नाही. सर्व्हरवर कोणत्या पॅकेजची कोणती आवृत्ती आहे याची यादी तेवढी उतरवून घेतं. ‘ॲप्ट अपग्रेड’ ती यादी आणि आपल्याकडचं ताडून पाहतं आणि नव्या आवृत्त्या आणून बसवतं. मुलं मोबाइलवर ज्याला ‘अपडेट मारणं’ म्हणतात ते काम इथं ‘अपग्रेड’ करतं. गोंधळ नेमका इथला आहे, मुलांचा त्यात काही दोष नाही.

म्हणून पहिल्याला ‘यादी ताजी करणे’, दुसऱ्याला ‘पॅकेजेस नवी करणे’. ‘यादी’ हा शब्द आला की ती आधी का ताजी करायची हेही आपोआप सुटतं. यादी शिळी असेल तर ॲप्ट सर्व्हरवरून केव्हाच निघून गेलेली आवृत्ती मागत बसतं आणि फाईल सापडली नाही म्हणून थांबतं. नव्याकोऱ्या उबुंटूवर यादी न उतरवता एखादं सॉफ्टवेअर टाकायला जा, पुष्कळदा ‘पॅकेज सापडत नाही’ हेच उत्तर येतं. मुलं मग स्पेलिंग तपासत बसतात.

‘अपग्रेड’चा आणखी एक अर्थ वेगळा ठेवा : २२.०४ वरून २४.०४ वर जाणं. हे आकडे म्हणजे वर्ष आणि महिना, २०२४ चा एप्रिल. तिथं सगळी सिस्टिमच पुढच्या आवृत्तीवर जाते. त्याला सरळ ‘उबुंटूची आवृत्ती बदलणे’ म्हणावं.

परभणीकर :
यादी पटली. पण यादी कशाची? सर्व्हरवर ही पॅकेजेस जिथं ठेवलेली असतात त्या रेपॉझिटरीला सगळे ‘भांडार’ लिहितात. आपल्याकडे वस्त्र भांडार, खत भांडार अशा पाट्या असतात, भांडार म्हटलं की दुकान डोळ्यापुढं येतं. मला ‘कोठार’ जवळचं वाटतं. कोठारात काय ठेवायचं यावर कोणाची तरी देखरेख असते. इथंही तसंच : कोठाराच्या यादीवर डिजिटल सही असते, ॲप्ट ती पडताळतं, जुळली नाही तर ताकीद देतं. कुठल्याही वेबसाइटवरून फाईल उतरवून डबल क्लिक करायची सवय मोडायची असेल तर हा फरक पहिल्याच दिवशी सांगायला हवा.

बीडकर :
‘डिपेंडन्सी’साठी ‘पूरक पॅकेज’ वाचलंय. माझा ठाम विरोध आहे. पूरक म्हणजे असलं तर बरं, नसलं तरी भागतं. डिपेंडन्सी नसेल तर सॉफ्टवेअर चालतच नाही. उबुंटू ज्यावर उभं आहे त्या देबियनमध्ये तीन पायऱ्या स्पष्ट आहेत : लागतंच ते, शिफारस केलेलं आणि नुसतं सुचवलेलं. ‘पूरक’ शोभेल तर दुसऱ्या पायरीला. पहिलीला ‘लागणारी पॅकेजेस’ पुरे. गिंप (चित्रं संपादित करायचं सॉफ्टवेअर) टाकायला घेतलं की ॲप्ट आणखी नावांची रांग दाखवून पुढे जायचं का विचारतं, आणि नवखा माणूस घाबरून ‘नाही’ म्हणतो. “ही त्याला लागणारी आहेत, येऊ द्या,” एवढं सांगितलं की काम होतं.

संभाजीनगरकर :
बीडकरांना जोड देतो. देबियन १९९३ चं, ॲप्ट त्यात आलं १९९९ च्या २.१ आवृत्तीपासून. त्याआधी पॅकेज बसवायला डीपीकेजी नावाचं साधन होतं (आजही ॲप्टच्या खाली तेच राबतं). ते फक्त काय कमी आहे ते सांगतं, आणून देत नाही. एक आणलं की ते आणखी दोन मागणार, ती तुम्ही शोधा. आजही सुटी डेब फाईल (देबियनच्या पॅकेजची फाईल) थेट डीपीकेजीला दिली की हा अनुभव येतो. एकदा मुलांना मुद्दाम करून दाखवा, ‘लागणारी’ हा शब्द डोक्यात पक्का बसेल.

जालनेकर :
‘सुडो’ आहे तसाच राहू द्या. एवढंच सांगा की ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकारात चालवली जाते. शब्दापेक्षा पासवर्डच मुलांना जास्त छळतो. टाइप करताना बहुतेक ठिकाणी पडद्यावर ठिपकासुद्धा उमटत नाही, मुलांना वाटतं कीबोर्ड बंद पडला. “टाइप करत राहा, एंटर दाबा,” हे आधीच सांगून ठेवावं.

लातूरकर :
‘यादी ताजी करणे’ आणि ‘लागणारी पॅकेजेस’ फळ्यावर चढले. एकच उरलं : सॉफ्टवेअर काढायच्या ‘रिमूव्ह’ आणि ‘पर्ज’ या आज्ञा. पहिल्याला ‘काढणे’, दुसऱ्याला ‘समूळ काढणे’ चालेल का?

नांदेडकर :
‘काढणे’ बरोबर. त्यात सॉफ्टवेअर जातं, त्याच्या सेटिंगच्या फायली मागे राहतात, पुन्हा टाकलं की जुनी सेटिंग तयार. पर्ज त्या फायलीही नेतं, पण फक्त सिस्टिममधल्या. मुलाच्या होम फोल्डरमधल्या लपलेल्या फायलींना ते हात लावत नाही. म्हणून ‘समूळ’ नको, ‘सिस्टिमच्या सेटिंगसकट काढणे’ लिहा. होममधल्या फायली नको असतील तर फाईल मॅनेजरमध्ये कंट्रोल-एच दाबून दिसायला लावायच्या आणि हाताने काढायच्या.