पुढच्या डिस्क ब्रेकचं ब्लिडिंग (ऑईलमधली हवा काढणं) करूनही पहिल्या दाबाला लिव्हर मुठीपर्यंत येतोय – हवा की मास्टर सिलिंडर?

नमस्कार मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे.

गाडी १५० सीसी, २०१७ चं मॉडेल, पुढे डिस्क, मागे ड्रम. एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीच्या आधीची, त्यामुळे मास्टर सिलिंडर (लिव्हरपाशी ऑईल दाबणारा पंप), होज (ऑईलची नळी) आणि कॅलिपर (डिस्कवर पॅड आवळणारा भाग) एवढंच बघायचं आहे. राहतो चिपळूणला, कामासाठी कुंभार्ली घाटातून कराडला ये-जा असते आणि बऱ्याचदा मागे कुणीतरी बसलेलं असतं. ब्रेकचं दुखणं अंगावर काढायची माझी तयारी नाही.

त्रास असा: सकाळी पहिल्यांदा दाबला की लिव्हर जवळजवळ मुठीला टेकतो. लगेच दोनदा पंप केला की कडक होतो, ब्रेकही छान लागतो. गाडी थोडा वेळ जागेवर उभी राहिली की पुन्हा तेच. गळती कुठेच नाही. कॅलिपर, होजचे दोन्ही सांधे कोरडे. लिव्हरच्या आतलं रबराचं बूट उचलून पाहिलं, तेही कोरडं. ब्रेक ऑईलची पातळीही जागच्या जागी.

आधीचं ऑईल कोऱ्या चहासारखं तपकिरी झालं होतं. हे ऑईल हवेतला दमटपणा ओढतं आणि कोकणात तो बारमाही. नव्या डॉट ४ (ब्रेक ऑईलचा दर्जा) चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी मुरलेल्याचा किमान १५५ चालतो. घाट उतरताना हा फरक जिवावर येऊ शकतो, म्हणून सीलबंद डबीतलं डॉट ४ आणून पूर्ण बदललं. कॅलिपरवरच्या हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ऑईलमध्ये बुडवलं. लिव्हर दाबून धरायचा, आठच्या पान्याने निपल पाव फेरा सैल, ऑईल आलं की आवळायचं, मगच लिव्हर सोडायचा. रिझर्व्हॉयर (लिव्हरजवळची ऑईलची डबी) रिकामा होऊ दिला नाही. पेट्रोलच्या टाकीवर जाड कापड होतं, कारण एक थेंबही रंग खातो. बुडबुडे थांबून स्वच्छ ऑईल येईपर्यंत हे चालू ठेवलं.

तरी फरक पडला नाही. मग अडकलेली हवा वर निघावी म्हणून रात्रभर लिव्हर मुठीला बांधून ठेवला. सकाळी चांगला कडक होता, दुपारपर्यंत पुन्हा मऊ.

गॅरेजवाले म्हणतात, मास्टर सिलिंडर पूर्ण बदला. मला ते पटत नाहीये. आतला रबरी कप गेला असता तर लिव्हर दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत गेला असता. माझा मिनिटभर दाबून धरला तरी जागचा हलत नाही. डिस्क वाकडी असून पॅड मागे ढकलले जात असतील म्हणावं, तर गाडी न हलवताही हे होतं. होज फुगत असती तर पंप करूनही लिव्हर मऊच राहिला असता.

माझा संशय मास्टर सिलिंडरपाशी असलेल्या बॅन्जो बोल्टवर (होज जोडणारा पोकळ बोल्ट) आहे. होज तिथे कमानीसारखी वर जाते, हवा वरच अडकते आणि खालच्या निपलमधून ती ओढली जात नसावी. हँडल फिरवून, रिझर्व्हॉयर सगळ्यात उंच येईल असं धरून, लिव्हर हलके हलके दाबत वरून हवा काढावी का? की सिरिंजने कॅलिपरच्या निपलमधून ऑईल उलटं वर चढवणं जास्त खात्रीचं? बॅन्जो बोल्ट किंचित सैल करून तिथूनच हवा काढली, तर तांब्याचे वायसर नवीनच घालावे लागतील ना?

आणि हे सगळं करूनही जमलं नाही, तर पूर्ण मास्टर सिलिंडर घेण्याऐवजी नुसतं पिस्टन-कपचं किट टाकून कुणाचं काम भागलं आहे का?