तिशीच्या आत स्लीप ॲप्नियाची (झोपेत श्वास वारंवार थांबण्याच्या आजाराची) शंका : आपापले अनुभव लिहा

उत्तररात्र :
गेल्या आठवड्यात भाचा मुक्कामाला आला होता. वय २२, अंगाने काटक, व्यायामाची आवड. मध्यरात्री त्याचे घोरणे एकाएकी बंद पडले. त्याची छाती आणि पोट वर-खाली होत होते, पण नाकातोंडातून वारा येत-जात नव्हता. बऱ्याच वेळाने घुसमटल्यासारखा मोठा आवाज करून त्याने श्वास घेतला, कूस बदलली आणि तो पुन्हा घोरू लागला. सकाळी त्याला यातले काहीही आठवत नव्हते. माझ्या पंचविशीत मलाही आठवत नसे.

माझी तक्रार तेव्हा झोपेची नव्हतीच, ती थकव्याची होती. आठ तास झोपून उठलो तरी डोके जड असे, तोंडाला कोरड पडलेली असे, रात्री लघवीसाठी उठावे लागे आणि दुपारच्या बैठकीत समोरचा माणूस बोलत असताना माझे डोळे मिटत. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर असे सगळे तपासून झाले, सगळे ठीक निघाले आणि ‘या वयात जागरणे होतातच’ असे म्हणून माझी बोळवण झाली. खोलीत राहणाऱ्या मित्राने ‘तुझा श्वास झोपेत थांबतो’ असे सांगितले, तेव्हा कुठे योग्य दिशा सापडली. स्लीप लॅबमध्ये रात्रभर तपासणी झाली आणि माझा एएचआय, म्हणजे झोपेच्या दर तासाला श्वास थांबण्याचे किंवा बराच उथळ होण्याचे प्रसंग, २३ निघाला. किमान १० सेकंद टिकलेला प्रसंगच त्यात धरतात. ताशी ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या पुढे तीव्र अशी विभागणी आहे.

तरुणपणी ज्यांना अशी शंका आली त्यांनी लिहावे. शंका प्रथम कोणाला आली, डॉक्टरांना काय सांगितले आणि निदान कसे झाले?

वतनदार :
आमच्याकडे घोरणे हे वंशपरंपरागत वतन आहे. आजोबा, वडील, दोन्ही काका असे सगळेच घोरत असल्यामुळे न घोरणाऱ्याचीच प्रकृती बरी नाही असे घरात समजले जाई. माझे निदान दातांच्या डॉक्टरांमुळे झाले. दाढ दाखवायला गेलो असता त्यांनी खालचा जबडा मागे असल्याचे, टाळू अरुंद आणि उंच असल्याचे पाहिले आणि ‘दिवसा झोप येते का’ असा, माझ्या मते दाढेशी अजिबात संबंध नसलेला, प्रश्न विचारला. तेव्हा समजले की वतन घोरण्याचे नसून जबड्याच्या ठेवणीचे होते. जबडा मागे असला की जीभही मागे राहते, आणि झोपेत स्नायू सैल पडल्यावर घशातील आधीच अरुंद असलेली वाट मिटते. माझा आजार सौम्य असल्याने खालचा जबडा पुढे धरून ठेवणारे, रात्री दातांवर बसवायचे उपकरण मिळाले आणि ते मला मानवले. उत्तररात्र, भाच्याचे टॉन्सिल आणि नाकाचा पडदा ईएनटी डॉक्टरांकडून अवश्य तपासून घ्या, कारण काटक तरुणांमध्ये कारण बरेचदा याच भागात सापडते.

सावळी :
मी घोरत नव्हते, निदान कोणाला ऐकू जाईल असे तरी नाही. मला रात्री वारंवार जाग येई, छातीत धडधड होई आणि दिवसभर मन उदास राही. त्यामुळे आधी निद्रानाशाचे आणि नंतर नैराश्याचे उपचार झाले. मधल्या काळात झोपेची गोळी मिळाली आणि सकाळ आणखी जड झाली. अशा काही गोळ्या घशाचे स्नायू सैल करतात आणि श्वासाचा अडथळा वाढवू शकतात, हे पुढे कळले. स्त्रियांमध्ये हा आजार अनेकदा थकवा, निद्रानाश आणि डोकेदुखी अशा रूपात दिसतो, त्यामुळे तो ओळखायला वेळ लागतो.

घरी केलेल्या तपासणीचा अहवाल ‘सामान्य’ आला होता. तरीही मी प्रयोगशाळेतील तपासणीचा आग्रह धरला, आणि तो धरला नसता तर आज हे लिहिले नसते. घरच्या साध्या यंत्रात सहसा मेंदूच्या लहरींची नोंद नसते. परिणामी आपण जागे पडून असलो तरी तो वेळ भागाकारात धरला जातो आणि ताशी आकडा कमी दिसतो. शिवाय प्राणवायूची पातळी न घसरता केवळ श्वासाच्या ओढाताणीने झोप मोडली, तर ते यंत्राला कळत नाही. माझ्या बाबतीत हेच घडत होते.

एकांडा :
वरचे सगळे वाचून एक अडचण लक्षात आली. मी एकटा राहतो आणि माझा श्वास थांबतो की नाही हे सांगणारे कोणीही नाही. सकाळी डोके दुखते, गजर ऐकू येत नाही आणि परवा वाहन चालवताना सिग्नलला थांबलो असता डुलकी लागली. वय २६.

तंत्रज्ञ :
एकांडा, वाहनाची गोष्ट सर्वांत आधी. निदान होईपर्यंत झोप येत असताना गाडी चालवू नका, आणि सिग्नलवरील डुलकीचा प्रसंग डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा; ‘थकवा येतो’ या शब्दांनी जे साधत नाही ते या एका प्रसंगाने साधते. साक्षीदार नसेल तर फोनवर रात्रभर ध्वनिमुद्रण करा. घोरणे, मग शांतता, मग एकदम धाप, असा क्रम ऐकू आला तर तेवढा भाग वेगळा काढून डॉक्टरांना ऐकवा. अलीकडच्या काही मनगटी घड्याळांनाही शंका घेता येते, परंतु त्यावर निदान होत नाही.

मी स्लीप लॅबमध्ये काम करतो, म्हणून प्रश्नावल्यांविषयी दोन शब्द लिहितो. १९९१ मध्ये मरे जॉन्स यांनी मांडलेल्या एपवर्थ मापनात वाचन करताना, वाहनात बसलेले असताना, दुपारी आडवे झाल्यावर अशा ८ परिस्थितींत डुलकी लागण्याची शक्यता ० ते ३ गुणांत सांगायची असते. २४ पैकी १० पेक्षा अधिक गुण आले तर दिवसाची झोप प्रमाणाबाहेर मानतात. दुसरी, स्टॉप-बँग नावाची प्रश्नावली घोरणे, थकवा, कोणी पाहिलेला श्वासखंड आणि रक्तदाब यांच्याबरोबरच वजन, मानेचा घेर, पुरुष असणे आणि ५० च्या पुढचे वय यांनाही प्रत्येकी एक गुण देते. सडपातळ तरुणीचे चार गुण अशा रीतीने दारातच जातात. गुण कमी आले म्हणून कोणी परत पाठवत असेल, तर हे त्यांच्यासमोर शांतपणे मांडावे.

सावळी :
‘दारातच जातात’ हे मी माझ्या जुन्या फाइलवर लिहून ठेवणार आहे.

झोपाळू :
थोडी वेगळी बाजू मांडतो. माझी सगळी लक्षणे या धाग्याशी जुळत होती आणि मला ॲप्नियाच आहे अशी माझी खात्री होती. रात्रीच्या तपासणीत श्वास व्यवस्थित निघाला. सुदैवाने तेथील डॉक्टरांनी ‘तुम्हाला काहीही झालेले नाही’ असे न म्हणता दुसऱ्या दिवशी तिथेच थांबवून घेतले आणि दोन-दोन तासांच्या अंतराने झोपायला लावले. प्रत्येक डुलकीत किती मिनिटांत झोप लागते आणि स्वप्नांची अवस्था लगेच येते का, हे त्यात पाहतात. सरासरी ८ मिनिटांच्या आत झोप लागली आणि किमान दोन वेळा स्वप्नावस्था लवकर आली, तर नार्कोलेप्सीचा, म्हणजे दिवसा अनावर झोप आणणाऱ्या मेंदूच्या आजाराचा, विचार होतो. माझे निदान ते ठरले. सांगायचे एवढेच की तपासणीची मागणी ‘मला ॲप्निया आहे’ अशी न करता ‘पुरेशी झोप घेऊनही मला जागे राहता येत नाही’ अशी करावी.

मितभाषी :
मला वायरींची भीती होती. डोक्यावर, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीवर आणि पायांवर संवेदक, छाती-पोटाला पट्टे, नाकाशी नळी, बोटाला चिमटा. एवढ्या सरंजामात झोप लागणार नाही असे वाटले, पण लागली. कमी लागली, तरी निदानाला पुरली.

वतनदार :
मितभाषी, तुमच्या नावाला हा तुमचा सर्वांत मोठा प्रतिसाद शोभत नाही. सीपॅप वापरता का?

मितभाषी :
होय. या यंत्राचा पहिला शोधनिबंध कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये सिडनीहून प्रसिद्ध केला. तत्त्व आजही तेच आहे : नाकावाटे हलक्या दाबाची हवा सोडून घसा मिटू द्यायचा नाही. पहिले काही आठवडे मी झोपेतच मास्क काढून टाकत असे.

उत्तररात्र :
माझेही तसेच होत असे. संध्याकाळी जागेपणी, वाचत बसलेला असताना, मास्क लावून ठेवण्याची सवय केली आणि मग रात्रीचा त्रास कमी झाला.

एकांडा :
तंत्रज्ञ, आपण सांगितल्याप्रमाणे ध्वनिमुद्रण केले. दोन ठिकाणी आपण लिहिलेला क्रम स्पष्ट ऐकू येतो. छातीच्या डॉक्टरांची वेळ मिळाली आहे आणि तोवर मी बसने जाणार आहे. तपासणीच्या दिवशी दुपारी चहा-कॉफी घेतली तर चालते का?

तंत्रज्ञ :
दुपारनंतर दोन्ही टाळा, दुपारची झोपही टाळा आणि मद्य घेऊ नका. नेहमीची औषधे स्वतःहून बंद करू नका. त्यांची यादी मात्र सोबत आणा. केसांना तेल लावून येऊ नका, संवेदक चिकटत नाहीत.